साडेअकरा टनांचा फरक

पुणे,
९ जून २०२५

प्रिय मामा,

तुला नमस्कार, आणि मामीच्या पाया पडते.

फोनवर तू "हां हां, बरं बरं" म्हणतोस तेव्हा मी काय बोलले ते तुला कळलेलं नसतं, हे मला केव्हाचंच ठाऊक आहे. सत्तावीस वर्षं बॉयलरशेजारी उभा राहून तू कान घालवून बसलास. मेसेज केला तर तुला चष्मा सापडत नाही. म्हणून आपलं जुनंच बरं, पत्र.

बातमी अशी की आमच्या ऑफिसला नवं काम मिळालंय, डिचोलीतल्या खोक्यांच्या कारखान्याचं. हो, तुझ्याच. तुमची खोकी घेणारी परदेशी कंपनी म्हणते, एका खोक्यामागे हवेत किती कार्बन जातो ते बाहेरच्या माणसाकडून मोजून आणा, नाहीतर पुढच्या वर्षापासून खोकी नकोत. ते मोजणारी बाहेरची माणसं म्हणजे आम्ही, आणि आमच्यातली मी. कारखान्यात काय जळतं, वीज किती लागते, कागद कुठून येतो, ट्रक किती धावतात, सगळं मांडायचं. लाकडाचा धूर वेगळ्या रकान्यात जातो, कारण झाड पुन्हा वाढतं असं धरतात. पण लाकूड किती आणि कुठलं, ते पक्कं लागतं.

तुमच्या मॅनेजरनं तीन वर्षांची बॉयलरची वही स्कॅन करून पाठवली. पहिलंच पान उघडलं आणि तुझं अक्षर. शाळेच्या वह्यांना तू कव्हरं घालून माझं नाव लिहायचास, तेच. मी एकटीच हसत बसले. शेजारच्या तनयानं विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही.

खरं म्हणजे सांगायला हवं होतं. जिथं मोजायचं तिथं नात्यातलं माणूस असेल तर आधी कळवायचं, असा आमचा नियम आहे. पण कळवलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं. तुझी वही दुसऱ्या कोणी चाळावी हे मला आवडलं नसतं.

लाकडाबद्दल मला जरा सविस्तर लिही. आणि औषधं घे वेळेवर.

तुझी,
गौरवी

*

कारापूर,
१७ जून २०२५

चि. गौरवी बायला सगुणमामाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं हातात दिलं आणि विचारलं, कोर्टाचं काय? म्हटलं, नाही रे, भाचीचं. गावात आता पत्र आलं की लोकांना कोर्टच आठवतं.

तू आमच्या फॅक्टरीचा धूर मोजणार हे वाचून मामीनं शेजारणीला सांगितलं की आमची गौरवी आता सरकारात मोठी इन्स्पेक्टर झाली. मी दुरुस्ती करायला गेलो, तर म्हणाली, गप्प ऱ्हाव, तुका कळना. तेव्हा तू इन्स्पेक्टर आहेस हे ध्यानात ठेव.

आता लाकडाचं. लाकूड वाळपईचा शिवदास घालतो. भेंडीची झाडं, ऑस्ट्रेलियन बाभळ, म्हातारी झालेली काजूची झाडं. देवराईतलं त्यानं कधी आणलं नाही, आणलं असतं तर मी उतरवू दिलं नसतं. हंगामात काजूची टरफलंही जाळतो, पण त्याचा धूर घशाला लागतो. वहीत चार रकाने आहेत: सकाळचा साठा, आलेलं, जाळलेलं, संध्याकाळचा साठा. रोज वजन करून लिहितो. अंदाजानं लिहायची सवय मला नाही, ते तुला माहीत आहे.

एक सांगू? लाकडाच्या बाबतीत फार बारीक शिरू नकोस. लाकूड पावसात जड होतं, मे महिन्यात हलकं होतं. थोडं इकडं तिकडं व्हायचंच. तुम्हाला धूर मोजायचा आहे, तो मोजा.

पाऊस बरा आहे. तुझ्या आईनं लावलेली अनंताची फुलं यंदा खूप आली.

तुझा,
मामा

*

पुणे,
१४ जुलै २०२५

प्रिय मामा,

तू बारीक शिरू नको म्हणालास आणि मी नेमकी तिथंच शिरले. माझा पगारच त्याचा आहे.

तुझ्या वहीसारखी वही मी आजवर कुठल्या कारखान्यात पाहिली नाही. मोठमोठ्या कंपन्यांत महिनाअखेरीला एका बैठकीत तीस दिवसांचे आकडे भरतात, ते बघताच कळतं. तुझे आकडे खरे आहेत. म्हणूनच फरक दिसला. तीन वर्षांत एकतीस दिवस असे आहेत की सकाळच्या साठ्यात आलेलं मिळवून जाळलेलं वजा केलं तर संध्याकाळी जेवढं उरायला हवं, त्याहून साडेतीन-चार क्विंटल कमी आहे. आधीच्या दिवशी बरोबर, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बरोबर. फक्त त्या त्या दिवशी कमी. सगळं मिळून साडेअकरा टन.

पावसानं असं होत नाही, मामा. मी खूप विचार केला. मला वाटतं शिवदासचा ट्रक वजनात मारतो. तू मधूनमधून ढीग नव्यानं मोजत असशील, आणि मोजलास की तूट उघडी पडत असेल. भिडेपोटी तू बोलत नसशील. तो तुझ्याकडे येऊन चहा पितो, मला माहीत आहे.

तुला विचारून मग लिहावं असं मनात होतं, पण कच्चा अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. त्यात मी लिहिलंय की साडेअकरा टन लाकडाचा हिशोब लागत नाही, पुरवठादाराच्या वजनात तफावत असावी, तपासावं. तुझं नाव कुठंच नाही. उलट वहीचं कौतुक केलंय.

म्हणजे तू निर्धास्त राहा. गणेशचवथीला येते आहे, तिकीट काढलंय.

तुझी,
गौरवी

*

कारापूर,
६ ऑगस्ट २०२५

चि. गौरवीस आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो.

तुझा अहवाल आला आणि शिवदासचा ट्रक गेटवर अडवला. त्याचं लाकूड घेणं बंद केलं. सत्तरी तालुक्यातल्या आणखी दोन ठिकाणी त्याचं लाकूड जातं, तिथंही ही गोष्ट पोचली. परवा संध्याकाळी तो घरी आला. पावसात अंगणातच उभा राहिला, वर ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "सगुणदादा, हांवें तुका केन्ना उणें घाला?" त्यानं मला कधीच कमी घातलेलं नाही. मी तसं त्याला सांगितलं, पण मला सांगून काय उपयोग?

म्हणून काल मॅनेजरकडे गेलो. प्रज्योत म्हणून आहे, म्हापशाचा, तिशीतला, वाईट मुलगा नाही. म्हटलं, शिवदासचा काही दोष नाही, त्या एकतीस दिवशी लाकूड मी बाहेर पाठवलं. कुठं पाठवलं, त्यानं विचारलं. म्हटलं, ते सांगणार नाही. मग त्यानं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढं धरलं, "विकलं का?" मला ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं बहुतेक. मी कागद त्याच्याकडे परत सरकवला.

आजपासून घरी आहे. चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणाला. रिटायर व्हायला सात महिने राहिले होते. शिवदासचा ट्रक मात्र सुरू झाला.

तू यात काही करू नकोस.

मामा

*

पुणे,
१२ ऑगस्ट २०२५

मामा,

पत्र चार वेळा वाचलं.

कुठं पाठवलंस? मला तरी सांगायचं होतंस. जूनमध्ये मी विचारलं तेव्हा तू पावसाच्या नि मे महिन्याच्या गोष्टी सांगत बसलास. तेव्हा खरं बोलला असतास तर ते वाक्य मी लिहिलंच नसतं. मी तुझ्या वहीची लोकांसमोर वाहवा केली. ऑफिसात सांगितलं की असा प्रामाणिक माणूस बघितला नाही. आणि तू एकतीस वेळा फॅक्टरीचं लाकूड बाहेर काढलंस.

घरात अडचण होती का? मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा? मी नोकरी करते, मामा. तू मला वाढवलंस, शिकवलंस, आणि तुला माझ्याकडे मागावंसं वाटलं नाही, चोरावंसं वाटलं?

हा शब्द मी लिहिला. खोडत नाही. तू वहीत खोडत नाहीस ना.

इथं उद्या कोणी म्हणेल, ही त्याची भाची, हिनंच पुरवठादाराचं नाव पुढं करून मामाला वाचवलं. मला काय उत्तर देता येईल? चवथीला येणं जमेल असं वाटत नाही.

गौरवी

*

कारापूर,
४ सप्टेंबर २०२५

चि. गौरवी बायला आशीर्वाद.

चवथ झाली. तू नव्हतीस म्हणून मामीनं पातोळ्या केल्या नाहीत. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काही लिहूच नये असं ठरवलं होतं. पण तू शब्द खोडला नाहीस, तेव्हा मलाही लपवता येत नाही.

तुझी आई, माझी कमलाक्षी, गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. जुलै महिना होता. आपल्या वाड्यावरच्या घरांची रीत तुला माहीत आहे, कोणी गेलं की घराघरातून एकेक लाकूड येतं. कमलाक्षीला सगळ्यांनी दिलं, पण पाच दिवस धो धो पाऊस होता, लाकडं भिजलेली. चिता पेटेना. पेटली ती अर्ध्यावर विझली. तुला शेजारच्या घरी ठेवलं होतं म्हणून तू ते पाहिलं नाहीस. बहिणीला तसं ठेवून मला उभं राहवेना. मी टेम्पोवाल्या पांडुरंगाला घेऊन फॅक्टरीत गेलो आणि शेडमधलं सुकं लाकूड भरून आणलं.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या म्हाताऱ्या मालकांना, गोकुळदास शेटना, जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "सगुण, कोणाक गरज पडली जाल्यार व्हर. पूण वहीत फट बरोव नाका." न्यायला हरकत नाही, पण वहीत खोटं नको. तेव्हापासून मी जाळलेलंच जाळलं म्हणून लिहिलं. बॉयलरनं न खाल्लेलं लाकूड त्याच्या नावावर कसं लिहू? लिहिलं असतं तर तुलाच काय, कोणालाही कळलं नसतं. शेट गेले. ते बोलले होते ते कागदावर कुठं नाही.

त्यानंतर औद्योगिक वसाहतीपाशी भाड्याच्या खोल्या झाल्या. दोडामार्ग, सावंतवाडीकडची माणसं. खाणीवर ट्रक चालवणारी, खोकी भरणारी. त्यांच्यातलं पहिलं माणूस गेलं तो मनीषाचा नवरा. मी वाट बघत राहिलो. वाड्यावरून एकही लाकूड आलं नाही. "ते आपल्यातले न्हय" म्हणाले. वाईटपणानं नाही म्हणाले, सहज म्हणाले. त्या माणसांकडे इथं ना झाड, ना कुंपण, लाकूड आणणार कुठून? मी पांडुरंगाला घेऊन पुन्हा शेडमध्ये गेलो. लाकूड उतरवताना मनीषानं विचारलं, "ह्यां कोणी दिल्यानी?" माझ्या तोंडून निघून गेलं, वाड्यानं दिलं, आमच्याकडे रीत आहे.

ती तेव्हापासून दर चवथीला वाड्यावरच्या सगळ्या घरांत नेवऱ्या वाटते. परवाही वाटून गेली. लोक घेतात. कशाबद्दल ते कोणी विचारत नाही.

तू मोजलेले एकतीस दिवस म्हणजे एकतीस माणसं आहेत. त्याआधीचीही आहेत. त्यांच्या घरच्यांना वाटतं की परमुलखात आपलं माणूस गेलं तेव्हा गावानं त्याला आपलं म्हटलं. मी लाकूड कुठं गेलं ते सांगितलं, तर माझं नाव धुऊन निघेल. आणि त्यांना कळेल की गावानं एक काटकीसुद्धा दिली नव्हती. ते मी कोणत्या तोंडानं सांगू?

तू चोर म्हणालीस त्याचं वाईट वाटलं. पण नियमानं बघितलं तर तू चूक नाहीस. हे पत्र जाळून टाक.

तुझा,
मामा

*

पुणे,
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

पत्र जाळलं नाही. जाळणार नाही.

तुझ्या पायांवर डोकं ठेवून माफी मागायची आहे, ती पत्रात मागता येत नाही. आईचं मला काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी शेजारच्या काकूनं मला उंडो पाव आणि चहा दिला होता आणि मी तो खाल्ला होता, एवढंच आठवतं. तिकडं तू काय करत होतास हे इतक्या वर्षांत तू कधी सांगितलं नाहीस.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं की बॉयलरवाला माझा मामा आहे. ते ओरडले नाहीत. काम माझ्याकडून काढून तनयाकडे दिलं, आणि यापुढं गोव्यातलं कुठलंच काम मला मिळणार नाही. ठीक आहे.

अहवाल मात्र गेला. फॅक्टरीला चांगली श्रेणी मिळाली. तुला एक सांगते, आणि हे सांगताना मला रडू येतंय. नोंदींच्या विश्वासार्हतेत तुमच्या फॅक्टरीला पैकीच्या पैकी गुण आहेत. परदेशी कंपनीनं त्याचं खास कौतुक केलं, पुढच्या तीन वर्षांची खोकी घेतो म्हणाले. सगळे गुण तुझ्या वहीचे. आणि त्याच पानावर खाली ओळ आहे, साडेअकरा टन लाकडाचा हिशोब लागत नाही.

ती ओळ मी लिहिली, मला पुसता येत नाही. पण दुरुस्तीपत्रक काढता येतं. आवाराबाहेर जळलेल्या लाकडाचा धूर फॅक्टरीच्या नावावर येत नाही, त्यामुळं लाकूड कुठं जळलं हे सांगणं कामाचंच आहे. एक वाक्य पुरे: हे लाकूड जुन्या मालकांच्या संमतीनं गावातल्या अंत्यविधींसाठी दिलं गेलं. नावं नकोत, तारखा नकोत. मी प्रज्योतना एकट्यांना भेटून सांगते. ते माणूस वाईट नाही, तूच म्हणालास. तुला परत कामावर घेतील. निदान मार्चमध्ये मान ताठ ठेवून बाहेर पडशील.

मला फक्त तुझं हो हवंय. तुझ्या परवानगीशिवाय काही करणार नाही. एकदा तुला न विचारता लिहिलं, ते पुरे झालं.

तुझी,
गौरवी

*

कारापूर,
२ नोव्हेंबर २०२५

चि. गौरवी बायला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशाखाली ठेवून दिवाळी काढली. हो लिहावं असं दोनदा वाटलं. मामी तर म्हणत होती, लिही, आता किती सोसायचं. पोदेराकडे पाव घ्यायला जायचं तिनं बंद केलंय, तिथं बायका गप्प होतात.

पण प्रज्योतला सांगितलं की तो कागदावर आणणार, कागद ऑफिसात फिरणार, ऑफिसात खोल्यांतली मुलं कामाला आहेत. पंधरा दिवसांत मनीषाच्या कानावर जाईल. म्हणून मागच्या सोमवारी मी जाऊन सही करून आलो. घरच्या चुलीसाठी आणि माडीच्या कामासाठी लाकूड नेलं, चूक झाली, असं लिहून दिलं. आपल्या घराला माडी नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. पोलिसात दिलं नाही, राजीनामा घेतला. जाताना त्यानं विचारलं की नव्या माणसाला वही कशी लिहायची ते दाखवून जाल का? दाखवली. शेवटचा साठा मोजून दिला, बरोबर भरला.

हिशोबातलं ते माझं एवढं एकच खोटं, आणि तेही वहीबाहेर लिहिलं.

आता मुख्य सांगतो. बुधवारी प्रशांतची आई गेली. प्रशांत म्हणजे खोकी भरणारा, दोडामार्गचा, तुझ्याच वयाचा. शालिनीबाई चारच महिन्यांपूर्वी त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. पाऊस यंदा अजून थांबलेला नाही. मला शेडचा रस्ता आता बंद. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा घरोघर फिरलो. सव्वीस घरं आहेत. म्हटलं, एकेक लाकूड द्या, आपली रीतच आहे. कोणी म्हणालं भिजलंय, कोणी म्हणालं धनी घरी नाहीत. एकानं ओट्यावरूनच म्हटलं, "आमकां कित्याक विचारता, सगुण? तुज्या फॅक्टरींत आसा मरे." फॅक्टरीतलंच आण म्हणे. बाकीचे हसले. बॉयलरशेजारी कान गेले म्हणतात, पण तेवढं ऐकू आलं.

पाच घरांनी दिलं. ते खोटं नाही, पाच घरांनी दिलं. पांडुरंगानं स्वतःच्या कुंपणाचे खांब काढून आणले. उरलेल्यासाठी मी आपल्या गोठ्याचं छप्पर उतरवलं. गोठा रिकामाच होता, वासे किंदळाचे, चाळीस वर्षं सुकलेले. मामी खालून एकेक घेत होती. तुझ्या आजोबांनी घातलेलं छप्पर होतं ते. शालिनीबाई चांगल्या जळल्या. अर्ध्यावर विझल्या नाहीत.

सगळं आटोपल्यावर प्रशांत माझ्याजवळ आला. फॅक्टरीत माझ्याबद्दल काय बोलतात ते त्यानं ऐकलेलं आहे, आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हता. हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "मामानू, मनीषाकाकी सांगी होती, हय वाड्यार रीत आसा म्हणान. माका खरां वाटाक नाय होतां. कोणाकोणाकडची लाकडां इली, सांगा. बाराव्यानंतर एकेका घराक जावन पाया पडान येतंय."

बाय, तू म्हणालीस माझं हो हवं. मी हो म्हणणार नाही. पण माझं एक मागणं आहे. बाराव्याला तू ये, आणि प्रशांत घरोघर निघाला की त्याच्याबरोबर चाल. मी त्याला सांगितलंय, सव्वीसही घरांनी दिलं. वाटेत तुला विचारलं तर तूही सव्वीसच सांग.

तुझा,
मामा